चक्रीच्या पोटातला दोरा

१

चक्रीच्या पोटात भर घालायची तर आधी पोटाचं माप घ्यावं लागतं. आमचे हे घेतात ते पितळी कॅलिपरनं. चष्मा कपाळावर चढवतात, आकडा पुटपुटतात आणि लेथपर्यंत चालत जाईस्तोवर विसरतात. मी दोऱ्यानं घेते. मेण लावलेला हिरवा दोरा दांड्याभोवती एकदा फिरवायचा, टोकं जुळतील तिथं गाठ मारायची. भर जेवढी जाड हवी तेवढं अंतर सोडून दुसरी गाठ. झालं माप. अक्षर मला येत नाही, गाठ येते. हे सगळं मी सांगतेय आणि नात लिहून घेतेय. तिला बजावून ठेवलंय, माझं बोलणं सुधारायचं नाही.

ज्यांनी कधी गळ टाकला नाही त्यांच्यासाठी सांगते. मासे धरायच्या जुन्या चक्र्या पितळेच्या असतात, निकेलच्या असतात. त्या काळी दोरी जाड रेशमाची असायची, म्हणून त्यांचं पोट खोल. आताचा नायलॉनचा तंगूस केसाएवढा बारीक. तो कितीही गुंडाळा, पोटाच्या तळाशी जाऊन बसतो, आणि मूठ फिरवून हात भरून आला तरी मासा काही जवळ येत नाही. म्हणून दांड्याभोवती बुचाचं कडं बसवायचं. पोट आधीच भरलेलं राहतं आणि तंगूस वरच्यावर बसतो. त्या कड्याला आमच्या घरात भर म्हणतात.

बाटल्यांची बुचं घ्यायची, त्यांच्या चकत्या पाडायच्या, सरसानं एकावर एक चिकटवायच्या. मधे भोक पाडायचं, बाहेरून काचपेपरनं गोल करायचं. मग बारीक पात्यानं दोन अर्धी करून दांड्याला दोन्हीकडून मिठी मारल्यासारखी चिकटवायची. चिकटवायच्या आधी मापाचा दोरा आत ठेवून द्यायचा. ही पद्धत माझी. कागद कुजतो, मेणाचा दोरा कुजत नाही. वीस वर्षांनी कुणी ती भर फोडली तर त्याला माप आयतं मिळतं.

आणि मला कळतं की काम माझ्या हातचं होतं. माझ्या गाठीचं शेपूट उजवीकडे पडतं.

२

टेबल खिडकीशी आहे. खिडकी माझ्या उजव्या हाताला, बाजूच्या खोलीत लेथ, पाठीमागे भिंतीपर्यंत तीन पावलं मोकळी जागा. टेबलाच्या पलीकडे, माझ्या समोर, एक स्टूल. त्याचा एक पाय बोटभर आखूड. कुणी बसलं की तो पाय टक् करून जमिनीला टेकतो. ह्यांना म्हटलं होतं, तेवढा पाय नीट करा. म्हणाले, बुचाची चकती लावतो खाली. अजून लावतायत.

बुचडी म्हणायची, "राहू दे गं आई. मी बसले की तुला न बघता कळतं."

बुचडी आमची थोरली. केस डोक्यावर गच्च बुचड्यात बांधलेले आणि त्या बुचड्यात बारा महिने बुचाचा भुसा. अकरा वर्षांची होती. चकत्या माझ्याहून सारख्या पाडायची, काचपेपर मारायला बसली की तिला हाक ऐकू यायची नाही. पण गाठ मारायची ती उलटी. शेपूट डावीकडे. मी दाखवायचे, ती मान डोलवायची, आणि पुन्हा डावीकडे.

आता कळतं. ती समोर बसून शिकत होती. माझा उजवा हात तो तिच्या बाजूला डावा. आरशात बघून वेणी घालावी तसं ते. हे कळायला तेव्हा एखादी शिकलेली बाई लागली असती, नाहीतर जरा कमी घाईची. मला वाटायचं, मुद्दाम करते.

त्या दुपारी तिनं एका चक्रीचं सगळं काम एकटीनं केलं होतं. भर बसली, सरस वाळला. मग दोरा कसा ठेवलास म्हणून मी विचारलं, तर तिनं नमुना मारून दाखवला. शेपूट डावीकडे. तीनदा मारायला लावली, तीनदा डावीकडे. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "उलट्या हाताची कार्टी. गाठ सरळ आली की मग बस माझ्यासमोर. तोवर ह्या स्टुलावर टेकायचं नाही."

बाजूच्या खोलीतून हे हसले. म्हणाले, "बुचडे, नोकरी गेली तुझी."

ती उठली, चक्री काठीला लावली आणि तळ्याच्या पायऱ्यांवर गेली. भर घातलेली चक्री आम्ही तिथंच तपासायचो. शिशाचा गोळा लांब टाकायचा, तंगूस कर्रर्र करत जाऊ द्यायचा, परत गुंडाळायचा. शंभर वेळा गेली असेल ती तिथं. चार वाजले होते.

चपला तिसऱ्या पायरीवर मिळाल्या, एकीशेजारी एक, नीट ठेवलेल्या. काठी पाण्यावर तरंगत होती. बुचडी मिळाली नाही आणि चक्रीही मिळाली नाही. नऊ दिवस पाणी शोधलं.

त्याला चौतीस वर्षं झाली. तेव्हापासून स्टुलावर बुचांचा डबा ठेवलेला आहे. बुचांचं वजन ते काय, पाय टेकत नाही.

३

गेल्या थंडीत दातांचे डॉक्टर एक चक्री घेऊन आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचा दवाखाना.

"काकू, हिला रूट कॅनॉल करा," म्हणाले. "माझ्या काकांची आहे. चाळीस वर्षं पेटीत कुलपात होती. ते गेले तेव्हा कुलूप तोडलं."

"दुखतंय का तिला?" मी विचारलं.

"तोंडच उघडत नाही."

खरंच उघडत नव्हती. गंजानं झाकण आणि अंग एक झालं होतं. ह्यांनी दोन दिवस तेल सोडलं. उघडण्याआधी त्यांनी चष्मा खाली ओढून चक्रीच्या पट्टीवर कोरलेला नंबर वाचला. चौतीस वर्षांत आमच्या दारात आलेल्या प्रत्येक चक्रीचा नंबर ते आधी वाचतात. वाचून झाला की मान इतकी बारीक हलवतात की दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. तळ्यात गेलेली ती ही नव्हे.

झाकण निघालं. आत भर होती. बुचाची, दोन अर्धी, सांधा इतका नेटका की नखानं शोधावा लागला. मी पातं घालून ती सोडवली. आत हिरवा दोरा, मेणाचा, दोन गाठींचा. माप अचूक.

शेपूट डावीकडे.

मी तो ह्यांच्यापुढे धरला. हे कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तिच्या हातचं काम आहे. तेव्हा कधीतरी आणून दिली असेल त्या काकांनी."

"चाळीस वर्षं पेटीत होती म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी ही पाच वर्षांची होती."

"लोक चाळीस म्हणतात अगं. तीस-पस्तीस झाली की चाळीसच म्हणतात."

मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. तिच्या हातचा दोरा मला मिळाला होता. त्यावर वाद कोण घालेल? मी तो दंडाला बांधला आणि कामाला लागले.

दुपारी ती जुनी भर टाकून देताना उन्हात धरली. एका चकतीवर निळा रंग दिसला. चांदणीचा अर्धा तुकडा.

बुचं आम्हाला एका हॉटेलातला वाढपी आणून देतो, पोत्यानं. पूर्वी त्यांवर लाल कोंबडा असायचा. निळी चांदणी आली त्याला वर्षही झालं नव्हतं. मी उरलेल्या तुकड्यांचा डबा ओतला आणि एक एक तुकडा लावून बघितला. तासाभरानं दुसरी अर्धी चांदणी मिळाली. दोन्ही कडा जोडल्या. बुचात किड्यानं पाडलेलं बारीक भोक एकातून दुसऱ्यात सरळ गेलं होतं.

मी ह्यांना दाखवलं नाही. दोन्ही तुकडे ब्लाउजमध्ये ठेवले आणि स्वतःला सांगितलं, म्हातारे, तुझे डोळे गेले.

४

काचपेपर मारताना बुचाचा भुसा उडतो. पिठासारखा बारीक. टेबलावर बसतो, खिडकीच्या चौकटीवर बसतो, ह्यांच्या भुवयांवर बसतो. रोज संध्याकाळी मी झाडू मारते. गेल्या थंडीपासून एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. माझ्या खुर्चीच्या मागे, डाव्या अंगाला, दोन जागांवर भुसा बसायचाच नाही. सगळी फरशी तांबूस आणि मधे दोन वीतभर लांबीचे स्वच्छ ठिपके, एकाशेजारी एक.

झुळूक असेल म्हटलं. खिडकीतून येऊन भिंतीला आपटून तिथं फिरत असेल. मानेला डावीकडून गार लागायचंही, ते त्या झुळकीचंच. एक दिवस खिडकी बंद ठेवून काम केलं. संध्याकाळी बघितलं तर दोन ठिपके. मग म्हटलं, फरशीच गुळगुळीत असेल तिथं. माणसाला कारण शोधायचं असलं की ते कुठंही सापडतं.

त्याच आठवड्यात एक निवृत्त झालेला बसड्रायव्हर त्याच्या वडिलांची चक्री घेऊन आला. मोठा गडगडाटी माणूस. म्हणाला, "आजी, ही माझ्या बापानंसुद्धा कधी उघडली नाही. त्याला मासे मिळायचे नाहीत आणि तो दोष आमच्या आईला द्यायचा."

ह्यांनी नंबर वाचला, मान हलवली, झाकण काढलं. आत भर होती. मी पातं घातलं. हिरवा दोरा. पहिली गाठ डावीकडे. दुसरी गाठ आधी डावीकडे मारलेली, मग सोडलेली, मग पुन्हा मारलेली. सोडलेल्या जागी दोऱ्याला पीळ राहतो, मेण उडतं. ते मला बोटाला लागलं.

कुणीतरी प्रयत्न करत होतं.

तिसरी चक्री टपालानं आली, कुठल्या लांबच्या गावच्या संग्रह करणाऱ्या माणसाची. पहिली गाठ उजवीकडे, दुसरी डावीकडे. दोरा ओला होता. खोका आतून-बाहेरून कोरडा, बूच कोरडं आणि दोरा पिळला असता तर थेंब निघाला असता. मी तो उन्हात वाळत घातला आणि वाळेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिले.

ह्यांनी विचारलं, "काय करतेस?"

"दोरा वाळवतेय."

"अच्छा," म्हणाले आणि आत गेले. लेथ सुरू झालं नाही.

५

मला आनंद होत होता, हे लपवत नाही. पोर शिकत होती. कुठून, कशी, ह्यात मी शिरत नव्हते. दोरा हातात आला की आधी शेपूट बघायचे, मग बाकी सगळं.

चौथी चक्री एका बाईंची. नवरा गेलेला, चक्री त्याची. त्यांना ती विकायची होती, पण चालू करून. बाई टेबलाशी उभ्या राहिल्या. बसायला जागा शोधताना त्यांनी स्टुलाकडे बघितलं, डबा बघितला.

"हा डबा खाली ठेवू का?"

"नको," मी म्हटलं. जरा जोरात गेलं ते. "त्या स्टुलाचा पाय मोडका आहे. तुम्ही माझ्या खुर्चीवर बसा."

त्या बसल्या. दोन मिनिटांनी शाल ओढून घेत म्हणाल्या, "इथं डावीकडून गार लागतं हो. तुम्ही कशा बसता दिवसभर?" आणि उठून उभ्या राहिल्या.

त्या गेल्यावर मी चक्री उघडली. आत भर, भरीत दोरा. दोन गाठी, दोन्ही उजवीकडे. घट्ट, सारख्या, शेपटं एका लांबीची. माझ्या दोऱ्याशेजारी ठेवला तर मला माझा कुठला ते सांगता आलं नसतं.

"जमली की गं," मी पुटपुटले, इतकं हळू की माझं मलाच ऐकू आलं नाही. डोळ्यांना पाणी आलं.

मग माझा हात तसाच राहिला.

समोरून बघून गाठ सरळ येत नाही. चौतीस वर्षं मी ह्या एका गोष्टीवर विचार केलाय. समोर बसून शिकणाऱ्याची गाठ जन्मभर उलटीच येणार. ती सरळ यायची असेल तर शिकवणाऱ्याच्या बाजूनं बघावं लागतं. शेजारी बसून. किंवा मागे उभं राहून, खांद्यावरून.

ती समोर बसली नव्हती. सांगितलं होतं ना मी, टेकायचं नाही म्हणून. हट्टी होती बुचडी, पण ऐकणारी होती.

माझ्या हातात त्या बाईंच्या चक्रीचं झाकण होतं, निकेलचं, नुकतंच पुसलेलं. ते जरासं कलतं झालं. त्यात माझं पांढरं डोकं दिसलं, डावा खांदा दिसला. आणि खांद्यामागे, माझ्या कानाच्या उंचीला, ओल्या केसांचा घट्ट बुचडा. तो किंचित पुढे झुकला. माणूस काम नीट दिसावं म्हणून वाकतं, तसा.

मी झाकण पालथं ठेवलं. मागे वळले नाही. चार वाजले होते, खोलीभर ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. माझ्या मानेवर एक थेंब पडला आणि पाठीवरून खाली उतरला.

६

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. नातीला म्हटलं, तरी लिही.

मी घाबरले. गाठ सरळ आली की माझ्यासमोर बस, असा माझा शब्द होता, आणि गाठ सरळ आली होती. आता ती येऊन बसणार. मला मान वर करावी लागणार. चौतीस वर्षं पाण्यात असलेल्या माझ्या लेकराचं तोंड मला बघावं लागणार. ज्या तोंडासाठी मी एवढी वर्षं रडले, ते समोर येणार म्हटल्यावर मला ते नको झालं. आईला.

दुसऱ्या दिवसापासून मी गाठ उलटी मारायला लागले. शेपूट डावीकडे. सोपं नव्हतं, पन्नास वर्षांचा हात वळत नाही. पण मी मारली, मुद्दाम सावकाश, खांद्यावरून नीट दिसेल अशी. आता ती जे शिकली ते तिला चूक वाटेल. पुन्हा पहिल्यापासून शिकेल. मागेच उभी राहील. मला तिचं तोंड बघावं लागणार नाही आणि ती जाणारही नाही. असा हिशेब केला मी.

पंधरा दिवस केलं. फरशीवरचे दोन ठिपके रोज होते. फक्त ते सारखे नसायचे, एक जरा पुढे, एक मागे, शाळेत उत्तर न येणारं पोर उभं राहतं तसे.

मग डॉक्टरांनी काकांच्या पेटीतली दुसरी चक्री आणून दिली. "काकू, ही अक्कलदाढ," म्हणाले. मला हसता आलं नाही.

हे घरी नव्हते. मी एकटीनं उघडली. भर वेडीवाकडी होती. चकत्या सरकलेल्या, सरस बाहेर आलेला. बुचडीनं असं काम कधी केलं नव्हतं, पहिल्या दिवशीसुद्धा नाही. आत दोरा होता आणि त्यावर सतरा गाठी होत्या. मी मोजल्या. एक उजवीकडे, दोन डावीकडे, एक उजवीकडे, सोडलेली, परत मारलेली, एकीवर एक. मेण पार उडालेलं, दोरा पिंजून कापसासारखा झालेला. टोकाला चावल्याच्या खुणा. रडू यायच्या बेताला आलं की ती दोऱ्याचं टोक चावायची.

माप त्यात नव्हतंच. कसलंच माप नव्हतं. नुसतं, कुठली बरोबर ते सांग.

मी त्या पोराला दुसऱ्यांदा चूक ठरवलं होतं. ह्या वेळी ती बरोबर असताना.

मी तो दोरा तोंडाशी धरून बसले. त्याला तळ्याचा वास येत होता.

७

हे आले तेव्हा मी तशीच बसलेली. दोरा पुढे केला. त्यांनी तो उलगडायचा प्रयत्न केला नाही, नुसता तळहातावर ठेवून घेतला.

मी म्हटलं, "अहो, एक सांगायचंय तुम्हाला. माझ्या खुर्चीच्या मागे..."

"दिसलंय मला," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"डॉक्टरांची पहिली चक्री आली त्याच्याही आधीपासून. चहा घेऊन येतो तेव्हा त्या बाजूनं येत नाही मी. टेबलाला वळसा घालून येतो. तुझ्या लक्षात आलं नाही."

आलं होतं. मला वाटलं होतं, ह्यांचा गुडघा दुखतो.

"बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू मागे वळून बघितलं असतंस." हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "तू बोललीस त्या दिवशी. मी हसलो होतो. तू ते कधी काढलं नाहीस."

"तुम्ही गमतीनं बोललात."

"तिला काय माहीत?"

त्यांनी तळहातावरचा दोरा माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"मला भीती वाटते हो," मी म्हटलं. "कशी दिसत असेल."

"आपली आहे," हे म्हणाले. "बाकी मला काही सांगता येत नाही. पण शब्द तू दिलायस, तो तुलाच फिरवावा लागेल. माझं ती ऐकणार नाही. माझं ऐकायची कधी?"

"तुमच्याकडे चकती लावायचं काम होतं, स्टुलाला."

"बरं झालं नाही लावली," हे म्हणाले.

८

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी स्टुलावरचा डबा उचलला आणि खिडकीत ठेवला. स्टुलावर डब्याच्या तळाचा चौकोन उमटला होता, चौतीस वर्षांचा. पदरानं पुसला. तो गेला नाही, पण पुसला.

हे दारात उभे राहिले. आत या म्हटलं, तर नको म्हणाले. हातात चक्रीचं एक झाकण होतं, ते पुसत होते. आधीच स्वच्छ होतं ते.

मी माझ्या खुर्चीवर बसले. डाव्या बाजूनं मानेला गार लागलं. हिरव्या दोऱ्याचे दोन तुकडे कापले, सारखे, वीतभर. एक हातात घेतला, खांद्याजवळ नेला, दिसेल असा धरला आणि गाठ मारली. उजवीकडून वर, खालून आत, बाहेर. सावकाश. माझ्या घाईनं एकदा काय केलं ते मला माहीत होतं.

"ही अशी," मी म्हटलं. "ही बरोबर. मधे मी चुकीची दाखवली, ती माझी चूक. तुझी नव्हती. त्या दिवशीसुद्धा तुझी नव्हती. समोर बसून बघितलं की तशीच येते गाठ. मला माहीत नव्हतं."

दुसरा तुकडा मी तळहातावर ठेवला आणि हात खांद्यावरून मागे केला. किती वेळ धरला सांगता येत नाही.  मग हात हलका झाला. दोऱ्याला वजन नसतं असं लोकांना वाटतं. असतं. जाताना कळतं.

हात पुढे घेतला. तळवा ओला होता.

मी टेबलावर नजर ठेवली. काल संध्याकाळचा भुसा मी झाडला नव्हता, सगळीकडे तांबूस थर होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, दारात ह्यांचा हात पुसायचा थांबला. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे बघत होते, आणि मग त्यांची नजर हळूहळू सरकत टेबलाच्या कडेनं पुढे आली, एखाद्याबरोबर चालावी तशी. त्यांच्या तोंडावरून मला काहीच ओळखता आलं नाही. छप्पन्न वर्षांच्या संसारात मी त्यांचं तसं तोंड बघितलं नव्हतं.

समोर, स्टुलापाशी, ती नजर थांबली. काहीच झालं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. बुचडी बसत नव्हती. वाट बघत होती.

तेव्हा मी म्हटलं, "बस बुचडे. जमली असली तरी बस. नसली जमली तरी बस."

टक्.

आखूड पाय जमिनीला टेकला.

मी अजून मान वर केली नव्हती. टेबलाच्या पलीकडच्या कडेला, भुशात, दोन कोपरं टेकल्याच्या गोल खुणा उमटल्या. त्या ओल्या होत होत्या. दोन खुणांच्या मधून एक हिरवा दोरा माझ्याकडे सरकत आला, अगदी माझ्या बोटांपाशी, आणि थांबला. मी तो उचलला, उन्हात धरला. चष्मा नीट केला. एवढ्याशा कामाला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा दिला.

शेपूट उजवीकडे होतं.

"छान झाली गं," मी म्हटलं, आणि मान वर केली.